पोकळीची भिंत

सकाळीं थर्मासमध्यें भरलेला चहा दुपारीं वाफाळत बाहेर येतो, याचें घरांतील लहान मुलाखेरीज कोणालाच नवल वाटत नाहीं. वस्तुतः त्या बाटलींत उष्णता सांभाळण्याची कसलीहि गूढ शक्ति नसते. दोन कांचांच्या मधली हवा काढून घेतलेली असते. उष्णता वाहून नेणारें वाहनच तेथें नाहीं, मग ती जाणार कशी? किरणरूपानें निसटूं पाहणारी तेवढी कांचेवरील चांदीचा मुलामा परत फिरवितो.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स डेवार यांनीं १८९२ सालीं असें भांडें केलें, तें चहासाठीं नव्हे. अतिशीत द्रवरूप वायु उकळून जाऊं नयेत म्हणून. त्यांनीं पेटंट घेतलें नाहीं. पुढें जर्मनींत त्याच कल्पनेवर थर्मासचा धंदा उभा राहिला आणि डेवार यांच्या वांट्याला कीर्ति तेवढी आली.

पुण्यासारख्या शहरांत गच्च्यांवर पाणी तापविणाऱ्या कांचेच्या नळ्यांच्या रांगा दिसतात, त्या म्हणजे लांबट थर्मासच होत. आंतल्या नळीवर चांदीऐवजीं काळा लेप असतो. तो ऊन शोषून घेतो, पण स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकीत नाहीं. नळीच्या टोकाशीं बेरियम धातूचा रुपेरी डाग असतो. आंत हवा शिरली कीं तो पांढुरका होतो. पाणी कोमट येऊं लागल्यास गृहिणीनें प्रथम हा डाग पाहावा.

कारण पोकळी टिकविणें हेंच खरें संकट आहे. बाहेरची हवा दर चौरस मीटरवर सुमारें १० टनांचा भार घालते. गोल नळी तो सोसते, सपाट भिंतीला तो सोसवत नाहीं. म्हणून इमारतींकरितां सिलिकाच्या बारीक पुडीचा तक्ता घेऊन त्यावर हवाबंद वेष्टन चढवितात व आंतील हवा काढतात. असा तक्ता तितक्याच जाडीच्या कांचतंतूंच्या गादीच्या पांच ते दहा पट काम करतो. परंतु भिंतींत एक खिळा ठोकला कीं त्याचा बहुतेक गुण गेलाच! तसबीर टांगावयास निघालेल्या घरमालकाला हें कोणी सांगावें?

अमेरिकेंतील सॅम्युअल किस्लर यांनीं १९३१ सालीं निराळी वाट दाखविली. जेली उघड्यावर वाळविली तर ती आक्रसते, चिरफाळते. त्यांनीं तिच्यांतील द्रव मोठ्या दाबाखालीं इतका तापविला कीं द्रव आणि वायु हा भेदच उरला नाहीं. मग तो हळूहळू सोडून दिला. मागें एरोजेल राहिलें : सिलिकाचा नाजूक सांगाडा, आणि ९० टक्क्यांहून अधिक हवा. त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म असतात कीं हवेचे कण एकमेकांवर आदळण्यापूर्वींच भिंतीवर आपटतात. उष्णतेची देवघेव खुंटते. स्तब्ध हवेपेक्षांहि हा पदार्थ उष्णता कमी वाहतो. येथें हवा काढावयाची नाहीं, नुसती कोंडावयाची. म्हणून खिळ्याचें नुकसान खिळ्यापुरतेंच. १९९७ सालीं मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीला याचेंच अस्तर होतें.

शिवाय तें पारदर्शक करतां येतें. २०१९ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनीं तशा थराखालीं, ऐन हिंवाळ्यांत, पोकळीवांचून केवळ उन्हानें २०० अंशांवर उष्णता मिळविली. मात्र दाबाचीं भांडीं व तें सावकाश सुकविणें यांमुळें एरोजेल अजून महाग आहे. नागपूरच्या उन्हाळ्यांत तापणाऱ्या गच्चीला सध्यां तरी चुन्याचा पांढरा हात देणेंच परवडतें.