पहिली शर्यत, पंचविशीनंतर

वाशीच्या फादर अ‍ॅग्नेल तलावात रोज सकाळी पोहणाऱ्या तुमच्यापैकी किती जण शर्यतीत उतरले आहेत? जलतरणात ‘मास्टर्स’ गट 25व्या वर्षापासून सुरू होतो. पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट, म्हणजे पन्नाशीतल्यांची स्पर्धा पन्नाशीतल्यांशीच. सूर मारायची भीती वाटते? मास्टर्सच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाण्यात उतरून, भिंतीला पाय रेटूनही सुरुवात करता येते. फ्रीस्टाइलमध्ये दम लागला तर तळावर क्षणभर उभं राहिलं तरी बाद होत नाही. फक्त चालायचं नाही. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो. सुरुवातीला 50 मीटर पुरे. समुद्राची ओढ असेल, तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची सागरी स्पर्धा आधी पाहून या.