गिअर बॉक्सचं तेल जातं कुठं?



इंजिनचं तेल आपण काडी ओढून पाहतो, रेडिएटरचं पाणी पाहतो. गिअर बॉक्सची आठवण मात्र तो आवाज करू लागल्यावरच होते. तोवर आतली बेअरिंग आणि दाते झिजलेले असतात. म्हणून आज बोलायचं आहे ते गिअर बॉक्सच्या तेलगळतीबद्दल.

एक गोष्ट आधी पक्की करू. इंजिनचं तेल थोडंफार जळतं, गिअर बॉक्सचं जळत नाही. ते कमी झालं, म्हणजे गळलंच. लहान गाडीच्या साध्या गिअर बॉक्समध्ये तेल मावतं साधारण दोन लिटर. अर्धा लिटर गेलं की चौथा हिस्सा गेला. तेव्हा वरून तेल टाकत राहणं हा उपाय नव्हे. ते का गळतंय, ते शोधायला हवं.

बहुतेक वेळा दोष निघतो एक्सलच्या ऑइल सीलमध्ये. चाकांना ताकद पोचवणारे एक्सल गिअर बॉक्समध्ये शिरतात, तिथं हे रबरी सील असतं. उष्णतेनं रबर कडक होतं आणि फिरत्या एक्सलला चिकटून राहत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात भरल्या गाडीनं तुळजापूरचा नाहीतर येरमाळ्याचा घाट चढायचा. गिअर बॉक्स तापणारच. एक्सलवरचा रबरी बूट फाटला, तर जॉइंटमध्ये माती जाते, तो झिजतो, एक्सल डुगडुगतो आणि सील खराब करतो. म्हणून फाटलेला बूट लगेच बदला. क्लचच्या कामासाठी एक्सल काढला होता आणि त्यानंतर गळती सुरू झाली, तर आधी हेच सील तपासायला सांगा.

कधी कधी नवं सीलही महिन्याभरात गळू लागतं. मग दोष सीलचा नसतो. गिअर बॉक्स तापला की आतली हवा फुगते. ती बाहेर पडावी म्हणून वर एक बारीक ब्रीदर असतो. काळ्या मातीच्या चिखलानं तो बुजला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. नवं सील बसवताना ब्रीदर साफ केलाच पाहिजे. प्रमाणापेक्षा जास्त तेल भरलं, तरी त्याला फेस येतो आणि ते बाहेर येऊ लागतं.

दुसरं कारण पाण्याचं. 2025 च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत परंडा आणि भूम तालुक्यांना पुरानं वेढलं होतं. अशा पाण्यात तापलेला गिअर बॉक्स बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, पोलादी भागांवर गंज धरतो आणि खरखरीत झालेला एक्सल पुढं सीलची कड कापतो. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर ती जास्त न चालवता आधी गिअर बॉक्सचं तेल तपासून घ्या.

तिसरं कारण माणसाच्या हातचं. तेल बदलताना खालच्या नटाचा जुनाच वॉशर परत बसवला जातो, नाहीतर नट इतका आवळला जातो की आटेच जातात. नवा वॉशर अगदी स्वस्त असतो. तो मागून घ्या. चौथं कारण रस्त्याचं. उसाच्या ट्रॉल्यांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, शेतरस्त्यावरचे दगड, रंग उडालेले गतिरोधक. गिअर बॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, खालून फटका बसला की तडकतं.

इंजिन आणि गिअर बॉक्स जिथं जुळतात, तिथून तेल ठिबकत असेल, तर आतलं सील गेलेलं असू शकतं. ते तेल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरतो. ते सील बदलायला गिअर बॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच बदलताना हे सीलही तपासून घ्या. ऑटोमॅटिक गाडीत खालच्या चेंबरचं पॅकिंग आणि तेल थंड करणाऱ्या नळ्या पाहायला हव्यात. 2014 पासून आलेल्या छोट्या एएमटी गाड्यांत आतला गिअर बॉक्स साधाच असतो. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं तेल मात्र बहुतेकांत वेगळं असतं. दोन्ही तपासावीत.

आता गळती ओळखायची कशी? रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरा. स्वच्छ पाणी एसीचं. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ असेल तर रेडिएटरचं. काळं तेल बहुधा इंजिनचं. मधासारखं किंवा तपकिरी, दाट आणि गंधकासारखा उग्र वास येणारं असेल, तर गिअर बॉक्सचं. ऑटोमॅटिकचं बहुतेक लाल असतं. चाकाजवळ पातळ, बुळबुळीत ओल दिसली, तर ती ब्रेकची असू शकते. ती गाडी हलवूच नका.

तेल भरताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेलंच भरा. काढलेलं तेल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका, ते विहिरीच्या पाण्यात उतरतं. आणि घूं-घूं आवाज येऊ लागला, गिअर अडू लागला, तर गाडी तशीच घरापर्यंत ओढू नका. पुढची चाकं उचलून गॅरेजला न्या. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी असेल, तर मागची उचला.

पावसाळा संपला, की एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून नीट पाहून घ्या. त्या वेळी सापडलेली गळती बहुधा एका सीलच्या, एका वॉशरच्या खर्चात आटोपते. तीच गळती घाटात गाडी बंद पडल्यावर सापडली, तर अख्खा गिअर बॉक्स उघडावा लागतो, आणि गाडीतली माणसं, लेकरं रस्त्यावर येतात.