मोरीचा डबा



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी माशांवर बोलायला उभा राहिलोय, कारण मागच्या वर्षी बायको गरोदर असताना अम्मीने गावाहून मोरी पाठवली. दूध यावं म्हणून आपल्या कोकणात बाळंतिणीला मोरी देतात. अम्मीने जरा आधीच सुरुवात केली. मोरी म्हणजे लहान शार्क. आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कोणते मासे टाळावेत, या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या यादीत शार्क आहे. डबा फ्रिजमध्ये पडून राहिला आणि आमच्यात वाद सुरू झाला.

कारण पारा. दगडी कोळसा जळतो, धुरातून पारा हवेत जातो, पावसाबरोबर पाण्यात उतरतो. गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते सूक्ष्म जिवांतून लहान माशात, लहानातून मोठ्यात जातं आणि प्रत्येक पायरीला वाढत जातं. म्हणून मासा किती मोठा, किती वर्षं जगला, काय खाऊन जगला, हे महत्त्वाचं. अम्मी म्हणाली, "आगळ लावून ठेव रे, सगळं निघतं." वास निघतो. पारा मांसातल्या प्रथिनाला चिकटलेला असतो. तो धुऊन, तळून जात नाही.

जपानमधल्या मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत जात होतं. आधी मांजरं झिंगल्यासारखी नाचून मेली, मग माणसं आजारी पडली. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचं ते उत्पादन मात्र १९६८पर्यंत चालू होतं! हारादा मासाझुमी या तरुण डॉक्टरला तिथे दोन आजारी भाऊ दिसले. थोरल्याला मिनामाताचा रोग, धाकट्याला म्हणे जन्मतःच मेंदूचा पक्षाघात, कारण त्याने मासे खाल्लेच नव्हते. आईचं म्हणणं वेगळं होतं: मासे मी खाल्ले, विष पोटातल्या बाळाला गेलं. वार विष अडवते असं तेव्हाचं वैद्यकशास्त्र मानत होतं. १९६२ साली आईचं म्हणणं खरं ठरलं.

आपल्या ताटात मिनामाता नाही, हेही सांगतो. घाबरून मासे सोडणं उलट चूक. बाळाच्या मेंदूला मासे हवेतच. ती यादीच गरोदर बाईला आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खायला सांगते. आपल्याकडे तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी असे लहान जीव आहेत, स्वस्तही आहेत. मोठ्या सुरमईबाबत मी सावध राहतो, कारण टाळायच्या यादीतला किंग मॅकरेल तिच्याच कुळातला. लहान मोरीत मोठ्या शार्कपेक्षा पारा कमी असणार. पण तुकडे करून आलेली मोरी मुळात केवढी होती, हे कोण सांगणार?

आमच्या तपासणीच्या दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळाल्या, पपई खाऊ नका हेही कळलं. माशांबद्दल अवाक्षर नाही. किनाऱ्यावरच्या दवाखान्यात!

मोरी शेवटी मी खाल्ली. अम्मी दोन दिवस रुसली. मग फोन करून म्हणाली, "मांदेली तर चालेल ना? मग नावं नीट सांग, शेजारची पोरगीही पोटुशी आहे."