बर्फातील बिऱ्हाड

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "प्रवासाचे काहीतरी सांगा" म्हटले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. आमची नोकरीची बावीस वर्षे अमेरिकेत डेन्व्हर शहरी गेली खरी, पण नायगारा वगैरे तुम्ही सर्वांनी ऐकलेलेच आहे. म्हणून २०१८ सालच्या फेब्रुवारीतल्या आमच्या दोन दिवसांच्या बिऱ्हाडाची हकीकत सांगते.

अॅस्पेन गावाच्या वरच्या डोंगरांत मुक्कामाची लाकडी घरे आहेत. आपल्या धर्मशाळाच म्हणा! मात्र जागा आधी पैसे भरून राखायची, आणि सरपण फोडण्यापासून केर काढण्यापर्यंत सारे आपणच करायचे. यांतली पहिली दोन घरे १९८२ साली बांधली. रॉबर्ट मॅक्नमारा, जे पूर्वी अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते, त्यांनी व त्यांच्या मित्रांनी मार्गारेटबाईंच्या स्मरणार्थ त्यांना पैसा दिला. ही बाई मूळची शिक्षिका. गरीब मुलांना स्वतःच्या मालकीची पुस्तके मिळावीत म्हणून १९६६ साली तिने एक संस्था काढली. एका घराला मॅक्नमारा नाव आहे, दुसऱ्याला तिचे लाडके नाव, मार्गी. मला ओढ होती ती या दुसऱ्या घराची. ते ११,३०० फुटांवर आहे.

पायांत सुपाएवढे चपटे जोड बांधायचे, म्हणजे वजन पसरते आणि पाय मांडीपर्यंत रुतत नाही. पुढच्याने बर्फ तुडवायचा, मागच्याने त्याच ठशांत पाय टाकायचा. पुढच्याचे काम दुप्पट! आमचे हे नेहमी पुढे. पहिल्या दिवशी सुमारे आठ किलोमीटर चढून मॅक्नमारा घरी पोचलो, तोवर ऊन कलले होते. मधला वार, त्यामुळे घरात आम्ही दोघेच. फोन लागत नव्हता.

आता स्वयंपाक. तिथे नळ नाही. बर्फ वितळवून पाणी करायचे. नुसता बर्फ पातेल्यात टाकला की चक्क करपट वास येतो! तळाशी आधी थोडे पाणी हवे. एवढ्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते, डाळ काही शिजत नाही. मी बेसन नेले होते, म्हणून पिठले झाले. शेगडीत लाकडे तडतडत होती आणि आम्ही लसणीचे पिठले खात होतो.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी हे बाहेरच्या शौचकूपाकडे निघाले, ते सरपणाच्या ढिगाला धरून धरून. गुडघा सुजला होता, आणि मला ते सांगायचे नव्हते.

"अहो, मार्गीकडे जायचे नाही," मी म्हटले.

"अगं, पैसे भरलेत! आणि तुलाच तर जायचे होते."

मला जायचे होते, खरेच. पण तिकडची वाट दिवसभराची, वर ताजा बर्फ, आणि मध्येच गुडघा बसला असता तर यांना मी एकटीने कुठे नेणार? मी बोलले नाही. पिशव्या भरल्या, पातेली घासून पालथी घातली आणि जोड बांधून परतीच्या वाटेने पुढे निघाले.

कालचे ठसे बुजले होते. शंभर पावलांत घाम फुटला. घाम हा तिथला वैरी, थांबले की तोच गारठवतो. म्हणून वरचा कोट काढून कमरेला बांधला. मागे वळून पाहायचे नाही असे ठरवले होते, कारण पाहिले असते तर यांनी लगेच पुढे यायचा हट्ट धरला असता. नुसता जोडांचा चरचर आवाज ऐकत होते. तो थांबला की मीही थांबे.

अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला, "अगं, जरा लहान पावले टाक."

एवढेच. मी लहान पावले टाकली. अॅस्पेनला उतरायला पाच तास लागले. पुढे दोन महिन्यांनी यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली.

मार्गीचे घर मी अजून पाहिलेले नाही. त्या रात्रीचे बुडालेले पैसे मात्र दर हिवाळ्यात ऐकते.