आपल्यावाचून कोणाचे अडेल?

(नौपाडा, ठाणे येथे नवोदित लेखक आणि त्यांच्या पालकांसमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘मला लेखक व्हायचे आहे’. पुढच्या रांगांत ज्यांना लेखक व्हायचे आहे ते तरुण बसले आहेत आणि मागच्या रांगांत त्यांचे आईवडील. एकाच वाक्याविषयी दोघांच्या मनात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. तरुणांचा प्रश्न असा की, माझे लेखन कधी महत्त्वाचे ठरेल का? आईवडिलांचा प्रश्न त्याहून जुना आहे, याने पोट भरेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर आज मी देणार आहे.

वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात माझी तीस वर्षे गेली. पुरवणीसाठी लेखनाची पाकिटे येत, पुढे ती ई-मेलने येऊ लागली. माध्यम बदलले, पण सोबतच्या पत्रातले एक वाक्य बदलले नाही : ‘माझे लेखन प्रसिद्ध व्हावे, ही नम्र विनंती.’ आपल्या भाषेत हा ‘प्रसिद्ध’ शब्द मोठा फसवा आहे. छापून येणे यालाही आपण प्रसिद्ध होणे म्हणतो आणि नावलौकिक होणे यालाही तोच शब्द वापरतो. त्यामुळे पहिले झाले की दुसरे आपोआप होईल, असा समज तरुण मनात घर करतो. परंतु या दोहोंच्या पलीकडे एक तिसरी अवस्था आहे. लेखक असा व्हावा की त्याच्यावाचून कोणाचे तरी अडावे. माझ्या मते लेखकाच्या महत्त्वाची हीच खरी कसोटी आहे, आणि तिचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला ठाण्याची वेस ओलांडावी लागत नाही.

एकवीस वर्षांचा तरुण

१ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तेथली पुस्तके आली असतील. केवळ मराठी ग्रंथांसाठी स्थापन झालेले हे पहिले ग्रंथालय. वाचनालये त्यापूर्वीही होती. शेजारच्या कल्याणात तर १८६४पासून सार्वजनिक वाचनालय होते. परंतु मराठीत जे जे छापले गेले ते ते सर्व एका छताखाली जमवावे, ही कल्पना नवी होती. ती अमलात आणणाऱ्यांत अग्रभागी होते विनायक लक्ष्मण भावे. जन्म ६ नोव्हेंबर १८७१. हिशेब करा. ग्रंथसंग्रहालय सुरू झाले तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष लागलेले होते, म्हणजे आज पुढच्या रांगेत बसलेल्या मुलामुलींचेच वय.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. विद्यापीठाचे शिक्षण इंग्रजीत होते. मराठीत वाचण्याजोगे आहे तरी काय, असा प्रश्न शिकलेली माणसे उघडपणे विचारीत. त्याला उत्तर देण्याचे दोन मार्ग होते. एक, व्याख्यानातून अभिमानाची गर्जना करणे. दुसरा, मराठीत खरोखर काय आहे ते शोधून समोर मांडणे. भाव्यांनी दुसरा मार्ग धरला. अभिमान म्हणजे स्वतःच्या खांद्यावर घेतलेले काम, हे त्यांना त्या वयात उमगले होते. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही उभे राहिले.

या तरुणाला लेखक व्हायचेच होते आणि तो झालाही. मराठी वाङ्मयाचा पहिला भरीव इतिहास ‘महाराष्ट्र सारस्वत’ त्यांच्या हातून घडला. आजही अभ्यासक त्यांचा उल्लेख ‘सारस्वतकार भावे’ असा करतात. ग्रंथाचे नाव हेच ग्रंथकाराचे नाव व्हावे, याहून मोठा मान कोणता? मात्र क्रम लक्षात घ्या. आधी त्यांनी ग्रंथ जमवले, मग वाचले आणि त्यानंतर लिहिले. आज आपल्यापैकी पुष्कळांचा क्रम नेमका उलटा असतो.

दोन आवृत्त्यांमधली वीस वर्षे

‘महाराष्ट्र सारस्वत’ प्रथम १८९८-९९च्या सुमारास प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून प्रकाशित झाले. ते रूप लहान होते. दुसरा एखादा लेखक त्यावर समाधान मानून नव्या विषयाकडे वळला असता. भावे जुन्या पोथ्यांच्या मागे लागले. १९०३ साली त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले आणि हस्तलिखितांत पडून असलेले प्राचीन काव्य छापून वाचकांपुढे ठेवले. जुनी कागदपत्रेही संपादित केली.

याच सुमारास एक विलक्षण घटना घडत होती. महानुभाव पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिलेले असल्याने शतकानुशतके पंथाबाहेरच्या माणसाला वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढे मांडला आणि पंथातील काही महंतांनीही संशोधकांना विश्वासात घेतले. ज्ञानेश्वरीच्या आधीच्या मराठी गद्याचे दालन असे उघडले. भाव्यांनी त्या दालनात पाऊल टाकले. महानुभावांच्या कवींची आणि काव्यांची सूची त्यांनी तयार केली आणि १९१९ साली ‘महाराष्ट्र सारस्वत’ची दुसरी, कितीतरी विस्तारलेली आवृत्ती काढली. पहिल्या लेखनापासून तिथवर पोचायला वीस वर्षे लागली.

तरुण मित्रांनो, या वीस वर्षांविषयी मला विशेष सांगायचे आहे. आज लिहिलेला मजकूर पाच मिनिटांत सर्व जगापुढे ठेवता येतो आणि दहाव्या मिनिटाला आपण किती जणांनी पसंत केला ते मोजू लागतो. या सोयीला मी दोष देत नाही. ती आमच्या पिढीला मिळाली असती तर आम्हीही तिच्यामागे धावलो असतो. परंतु आपलेच जुने लेखन पुन्हा हाती घ्यावे, त्यातली उणीव शोधावी, ती भरून काढण्यासाठी गावोगाव फिरावे, ही सवय त्या सोयीतून लागत नाही. ती स्वतःला लावून घ्यावी लागते.

मिठागरे आणि मीठ-भाकर

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. भावे शिकले विज्ञान आणि त्यांचा व्यवसाय मिठाचा. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरे होती, त्या काळच्या ठाण्याचा तो महत्त्वाचा उद्योग होता. म्हणजे मराठी वाङ्मयाचा हा इतिहासकार मराठीचा प्राध्यापक नव्हता. दिवसाच्या व्यवहारात मिठाचा हिशेब आणि उरलेल्या वेळात पोथ्यांचा, असे त्यांचे आयुष्य होते.

हरि नारायण आपट्यांचेही असेच. गणिताने त्यांना पदवी मिळू दिली नाही. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेच्या व्यवस्थापनाचे काम सांभाळीत त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. म्हणून पालकांना मी एवढेच म्हणेन, की मुलाने नोकरीधंदा करावा हा तुमचा आग्रह चुकीचा नाही, पण ‘नोकरी कर आणि हे खूळ सोड’ या वाक्याचा दुसरा भाग मात्र सोडून द्या. आणि मुलांना म्हणेन, की मराठी लेखनावर घर चालवणारे लेखक आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. पोट भरण्याचा भार लेखणीवर टाकला की ती लवकर वाकते. ज्याची मीठ-भाकर स्वतंत्र आहे, त्याला खरे लिहिणे सोपे जाते.

कथा-कवितेचे काय?

कोणी विचारील, की हे संशोधकाचे झाले. मला तर कथा लिहायच्या आहेत, माझ्यावाचून कोणाचे अडणार? त्यासाठी पुन्हा हरिभाऊंकडेच पाहा. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. विधवांच्या प्रश्नावर सभा, ठराव, वादविवाद पुष्कळ झाले होते. पण माजघरातली मुलगी मनात काय म्हणते, हे तिच्याच तोंडून कोणी ऐकवले नव्हते. समाजाचे तिथे अडले होते. ती उणीव सव्वीस वर्षांच्या तरुणाने ओळखली.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. तरीही १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्राचा मानदंड ठरली. त्यांच्याजवळ पांडित्य नव्हते. स्वतः जगलेले आयुष्य होते आणि ते बोलीच्या सरळपणाने सांगण्याचे धैर्य होते. त्यांच्याऐवजी ते दुसरे कोणी लिहू शकले नसते.

तुमच्या दारातले विषय

मग तुमच्या दारात काय आहे? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ज्या ठाण्यात येऊन थांबली, त्या ठाण्याचे आजचे आयुष्य त्याच लोहमार्गावर घडते. पहाटेच्या गाडीत भाजी निवडणाऱ्या, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, दाराशी लोंबकळणाऱ्या माणसांचे मन कोण लिहिणार? वागळे इस्टेटमधले कारखाने एकामागून एक बंद झाले, तेव्हा तिथल्या कामगारांच्या घरात काय घडले? नौपाड्यातली कौलारू घरे आणि बैठ्या चाळी जाऊन इमारती उठल्या. अंगणासोबत शेजारधर्माचे काय झाले? आगरी-कोळी लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारणी आज वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या कंठातले शब्द कागदावर उतरवायला फार वर्षे हाती नाहीत. तिथे खरोखरच कोणाचे तरी अडले आहे.

मी असे सुचवतो की, यांपैकी एक विषय निवडा. ग्रंथालयात जाऊन त्यावर आजवर काय लिहिले गेले ते पाहा. जे आधी लिहिले गेले आहे, ते आदराने वाचा. जिथे कपाट रिकामे दिसेल, तिथे आपली जागा आहे असे समजा. एक वही करा आणि माणसांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. वर्षभर काही छापायला पाठवू नका. वर्षाने ती वही स्वतःच वाचा; त्यात दुसऱ्याचे आयुष्य किती आणि आपले कौतुक किती, ते कळेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. आपण पेढे वाटले, वाटायलाच हवे होते. पण भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करायला पुरावे लागतात. ते ग्रंथ कोणी तरी माळ्यावरून काढले होते, धूळ झटकली होती, नकला केल्या होत्या, सूची लिहिल्या होत्या. भावे १२ सप्टेंबर १९२६ रोजी गेले. त्यांच्या इतिहासाला पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी पुरवणी जोडली, कारण ज्या ग्रंथावाचून अडते तो ग्रंथ पुढची पिढी मरू देत नाही. आपल्या श्रमाचे फळ शंभर वर्षांनी कोणाच्या तोंडी लागेल, हे ठाण्यातल्या त्या मिठाच्या व्यापाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तरुण मित्रांनो, तुमच्यातले सर्व जण मोठे लेखक होतील, असे आश्वासन मी देत नाही. कोणीही देऊ नये. पण एखाद्या धवलारणीची दहा गाणी, एखाद्या बंद कारखान्यातल्या फिटरची हकिकत तुम्ही नीट लिहून ठेवलीत, तर ते लेखन नक्कीच कोणाच्या तरी उपयोगी पडेल. कार्यक्रमानंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांनी विषय ठरवला असेल, त्यांनी मला तो सांगून मगच घरी जावे.