आत्म्याचं वजन आणि गटाचं कर्ज
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "भूत, आत्मा हे विज्ञानाला मान्य आहे का? टीव्हीवर तर मशीन लावून भूत दाखवतात." त्या दिवशी वेळ संपली होती. आज त्यावरच बोलते.

आधी आत्म्याचं. माणूस गेला की वजन 21 ग्रॅमनं उतरतं, तोच आत्मा, असं मोबाईलवर फिरत असतं. ही गोष्ट अमेरिकेतली. 1907 साली डंकन मॅकडुगल नावाच्या डॉक्टरांनी आपला प्रयोग छापला. मरणाच्या दारातल्या सहा रुग्णांना त्यांनी खाटेसकट काट्यावर ठेवलं होतं. दोघांची मापं त्यांनी स्वतःच बाद केली. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. एकाचं वजन 21 ग्रॅमच्या आसपास उतरलं आणि तेवढंच गाजलं.

आता मला सांगा, गटाच्या सहा हिशेबांपैकी एकच जुळला तर ऑडिटला आपलं पुस्तक बरोबर ठरेल का? विज्ञानाचंही तसंच असतं. कुणीही, कितीही वेळा मोजलं तरी उत्तर तेच यायला हवं. आत्म्याचं तसं माप आजवर कुणाला मिळालेलं नाही. म्हणून आत्मा मानणं ही श्रद्धा आहे. आमच्या घरी पितरांना घास ठेवतात, मीही हात जोडते. पण "विज्ञानानं सिद्ध झालंय" असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर ते खोटं आहे.

आता भुताचं. जिला अनुभव येतो ती बाई खोटं बोलत नसते. रात्री जाग येते, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हात हलत नाही, ओरडता येत नाही. स्वप्न चालू असताना मेंदू आपलं अंग सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातली पळापळ आपण खरंच केली असती. कधी मन आधी जागं होतं आणि अंग मागाहून. जागरण, दगदग झाली की हे जास्त होतं.

चकव्याचंही तसंच. जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला लावलं. 2009 साली ते छापून आलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ चालली. तो दिसेनासा झाला की वाट वळायला लागली. ढगाळ दिवशी जंगलात तर ती गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली, आणि त्यांना ते कळलंही नाही.

अनुभव खरा असतो, पण त्याचं कारण भूतच असतं असं नाही. हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या जावेला विचारूनच सांगते. बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात तिची झोप उडाली. कुणीतरी बोलतंय म्हणायची. "हे माझं बाळ नाही, बदललंय" म्हणायची. घरात ठरलं, बाहेरचं आहे. मी तेव्हा गटाची सचिव. दहा हजार अंतर्गत कर्ज काढलं, वहीत कारण लिहिलं "आजारपण", आणि गेलो देवऋषीकडे. त्यानं मिरचीची धुरी दिली. तेव्हा तिचे हात मी धरले होते.

आठ दिवसांनी आशाताईंनी हट्टानं सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा बाळंतपणानंतरचा मनाचा आजार आहे, हजारात एक-दोघींना होतो, औषधानं बरा होतो. दोन महिन्यांत ती सावरली. कर्ज मात्र आम्ही वर्षभर फेडलं.

तायांनो, आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार दंड होऊ शकतो. साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हाही गुन्हाच. देवपूजेला, वारीला, नवसाला हा कायदा हात लावत नाही.

माझं मागणं एवढंच. बाळंतीण झोपत नसेल, भलतंसलतं बोलत असेल, तर त्याच दिवशी आशाताईंना कळवा आणि तिला बाळाजवळ एकटी सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, तो गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि गटात कुणी "बाहेरचं बघायला" कर्ज मागितलं तर तिला हसू नका, ओरडू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा. कर्ज त्यासाठी द्या.

माझ्यासोबत तेव्हा कुणी आलं असतं, तर ते हात मी धरले नसते.