रोज एक पान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. आई आजारी पडली, पाठची तीन भावंडे होती, म्हणून दप्तर खुंटीला लागले ते कायमचेच. तेव्हा विद्वानासारखे काही बोलायला मी उभी राहिलेली नाही. यंदा मंडळाने 'आपल्या शेजारधर्मातील स्त्रिया' असा विषय ठरविला, आणि मी ज्यू स्त्रियांबद्दल बोलायचे कबूल केले. त्याला कारण एक म्हातारी आजी.

ठाण्याला माझी मावशी राहते. तिच्या शेजारी या आजी राहत होत्या. साडी नेसणाऱ्या, आमटीभात करणाऱ्या, बोलणे अस्सल अलिबागकडचे. पुष्कळ दिवस मला कळलेच नव्हते, की त्या ज्यू आहेत. आपण भिवंडीहून ठाण्याला जातो तेव्हा टेंभी नाक्याजवळ त्यांचे प्रार्थनामंदिर लागते. १८७९ सालचे आहे ते. मी कितीदा तरी त्याच्यावरून गेले असेन, पण आत कोण प्रार्थना करते हे कधी विचारले नव्हते.

या लोकांना बेनेइस्रायल म्हणतात. यांची भाषा मराठी, आणि आडनावे दिवेकर, पेणकर, राजपुरकर, केहिमकर अशी कोकणातल्या गावांवरूनच पडलेली. त्यांच्यात परंपरेने असे सांगतात, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या. पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. मग ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. भाषा गेली, ग्रंथ गेले, 'शेमा' नावाची एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली.

पुढे दावीद रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. कोणी म्हणतात हजार वर्षांपूर्वी, कोणी म्हणतात अठराव्या शतकात. हे लोक खरोखर आपल्यापैकीच आहेत का, अशी त्याला शंका आली. ती त्याने कशी फेडली, ते आजींनी मला मासे निवडता निवडताच सांगितले. म्हणाल्या, "अगं बाय, त्याने पुरुषांना काही विचारलंच नाही. त्याने बायकांपुढे माशांची टोपली ठेवली आणि म्हणाला, रांधा." ज्यू धर्मात ज्या माशाला पर आणि खवले असतात तोच चालतो. कोलंबी, चिंबोरी हे वर्ज्य. त्या बायकांनी टोपलीतले पर-खवल्यांचे मासे तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तीन पुरुषांना धर्माचे शिक्षण देऊन काजी नेमले.

मी ऐकून हसले. घरी येईपर्यंत मात्र एक गोष्ट मनात घोळत राहिली. परीक्षा दिली बायकांनी आणि शिक्षण मिळाले पुरुषांना! ज्यांनी शतकानुशतके चुलीपाशी धर्म जपला, त्यांना कोणी विचारले नाही, की बायांनो, हे असे का करायचे ते तुम्हांला समजून घ्यायचे आहे का?

हे काही त्यांच्याच घरचे नाही. आपल्याकडे सप्ताहात टाळ आपल्या हाती असतो, भंडाऱ्याचा भात आपल्या हातचा असतो. पण ग्रंथाचे निरूपण बहुतेक पुरुषच करतात. काही वर्षांपूर्वी एका प्रवचनानंतर मी भीतभीत एका ओवीचा अर्थ विचारला होता. उत्तर आले, "ताई, तुम्ही भावाने ऐका, अर्थ आम्ही बघतो." आजूबाजूची मंडळी हसली. त्यानंतर किती तरी वर्षे मी काही विचारले नाही.

आता ज्यू लोकांचा मोठा ग्रंथ आहे त्याविषयी सांगते. त्याचे नाव तालमूद. आपल्या बेनेइस्रायल मंडळींपर्यंत तो जुन्या काळी पोहोचलाच नव्हता. इकडे शास्त्रवचने आणि प्रार्थना यांवरच भर होता. तालमूदचा गाभा इसवी सन २०० च्या सुमारास लिहून निघाला, आणि त्यावरची बाबिलोन देशातली चर्चा सुमारे ५०० सालापर्यंत चालली. पानाच्या मध्यभागी मूळ वचन व त्याची चर्चा असते आणि भोवताली पुढच्या पंडितांच्या टीका, पाटाभोवती रांगोळी काढावी तशा. शेत, कर्ज, सण, लग्न, काडीमोड, स्वयंपाक, असा संसारातला एक विषय त्यात सुटलेला नाही. आणि मौज अशी, की तो वादाचा ग्रंथ आहे. एक म्हणतो असे, दुसरा म्हणतो तसे. हरलेल्याचे म्हणणेही पुसून टाकीत नाहीत. म्हणून तो एकट्याने मुकाट्याने वाचायचा नसतो. दोघांनी समोरासमोर बसून, मोठ्याने वाचून, भांडून वाचायचा असतो.

मुलींना हे शिकवावे की नाही, याचाही वाद त्यातच आहे. एक पंडित म्हणतो, बापाने मुलीला धर्मशास्त्र शिकवणे बापाचे कर्तव्यच आहे. दुसरा म्हणतो, शिकवाल तर तिला वाईट वळण लावाल. ब्रुरिया नावाच्या एका विदुषीची ख्यातीही त्याच ग्रंथात आहे. तरी शेकडो वर्षे चालले ते दुसऱ्याचेच म्हणणे.

१९२३ साली व्हिएन्ना शहरात भरलेल्या परिषदेत मेइर शापिरो नावाच्या धर्मगुरूने एक युक्ती सुचविली. जगातल्या सर्व ज्यूंनी रोज एकच पान, आणि तेही तेच पान, वाचावे. एकंदर पाने २७११. रोज एक धरले तर फेरी पुरी व्हायला सुमारे साडेसात वर्षे लागतात. म्हणजे बोटीत असलेला, दुकानात असलेला, परगावी गेलेला, कोणीही त्या दिवशीच्या पानावर दुसऱ्याला गाठू शकतो. कल्पना फार सुंदर होती. पण ती पुरुषांपुरतीच राहिली.

बायकांची वाट हळूहळू निघाली. पोलंडातल्या क्राकोव्ह शहरात सारा श्नायरर नावाची एक शिवणकाम करणारी बाई होती. लोकांचे कपडे शिवताना तिला वाटे, या बायका अंगावरच्या कपड्याची इतकी काळजी घेतात, मनाचे काय? तिने १९१७ साली मुलींसाठी धर्मशिक्षणाची शाळा काढली. तालमूद काही तिथे शिकवीत नसत. पण मुलगी पाटीपुस्तक घेऊन बसली, हेच मोठे झाले.

आपल्या मुंबईतही त्याच सुमारास हालचाल चालू होती. बेनेइस्रायल बायकांनी १९१३ साली आपले स्त्रीमंडळ काढले. रिबेका रूबेन १९०५ साली मॅट्रिकला पहिल्या आल्या आणि पुढे १९२२ पासून १९५० पर्यंत माझगावच्या इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉक्टर जेरुशा झिराड विलायतेत शिकून आल्या. १९२८ ते १९४७ त्यांनी कामा हॉस्पिटलचा कारभार पाहिला आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. याच झिराडबाईंनी १९२५ साली मुंबईत एक नवा धर्मसंघ उभा करण्यात पुढाकार घेतला. त्याच्या प्रार्थनेला स्त्रीपुरुष एकत्र बसत. एरवी बायकांची जागा वरच्या सज्जात असे.

आणि मराठीचे उपकारही विसरता येत नाहीत. वल्हांडण सणाची पोथी मराठी अर्थासह मुंबईत १८४६ साली छापली गेली. पुण्याला १८७४ साली निघालेल्या पोथीत तर लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या पोळ्या करताना चित्रात दाखविल्या आहेत. ज्ञानोबामाऊलींनी संस्कृतातली गीता आपल्या बोलीत आणली, तशीच ही गोष्ट. ग्रंथ आपल्या भाषेत आला, म्हणजे पहिल्यांदा दार उघडते ते बायकांना.

आता अलीकडचे सांगते. इस्राएलात मिशेल कोहेन फार्बर नावाच्या बाईंनी २०१२ साली बायकांसाठी रोजच्या पानाचा वर्ग सुरू केला आणि तो इंटरनेटवरून घरोघर पोहोचविला. कोणी भांडी घासताना ऐके, कोणी मूल पाजताना, कोणी कामावर जाताना. साडेसात वर्षे एक दिवसही न सोडता! चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. त्याच संध्याकाळी जेरुसलेमला बायकांनी मागची फेरी पुरी झाल्याचा समारंभ केला, त्याला तीन हजारांवर बाया जमल्या होत्या.

यात दोन गोष्टी माझ्या मनाला फार लागल्या. रोजच्या पानाच्या क्रमात सगळ्यांत शेवटी जे प्रकरण येते, ते बायकांच्या मासिक विटाळाचे आहे. म्हणजे आपल्या देहाविषयीचा तो सारा ऊहापोह पुरुषांनी केला, पुरुषांनी वाचला आणि पुरुषांनीच शिकविला. आता ते पान ज्यांच्याविषयी आहे त्याच वाचू लागल्या. आणि ग्रंथातला पहिलाच प्रश्न कोणता? तर संध्याकाळी शेमाची प्रार्थना केव्हापासून म्हणावी! ज्या एका प्रार्थनेच्या आधारावर आपल्या कोकणातली ती माणसे तगली, तिच्यापासूनच हा अभ्यास सुरू होतो. हे मी आजींना सांगणार होते. पण त्याआधीच त्या गेल्या.

त्यांच्यात एक रीत आहे. प्रकरण संपले, की त्या प्रकरणालाच सांगतात, आम्ही तुझ्याकडे पुन्हा येऊ. वाचून झाले म्हणून पोथी बासनात बांधून टाकीत नाहीत.

भगिनींनो, हे सारे ऐकून मी एक नेम धरला. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज दहा वाचल्या तर अडीच वर्षांत ग्रंथ होतो. दुपारी भांडी आवरली, की यंत्रमागांच्या खडखडाटातच मी बसते. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हे काय नवीन खूळ?" आता त्याच विचारतात, "आजच्या झाल्या का गं?" दहा महिने झाले. खरे सांगते, पंचवीसएक दिवस चुकले. आजारपण, पाहुणे, एकदा नुसता आळस. नववा अध्याय चालू आहे. स्त्रियाही परमगतीला जातात, हे भगवंतांनी सांगितले ते याच अध्यायात. ते वाचले तेव्हा मला त्या प्रवचनातले हसू आठवले, पण आता त्याचा डंख राहिला नव्हता.

पुष्कळ ओव्या मला कळत नाहीत. एकटीने कळणारही नाहीत. म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. दर मंगळवारी भजनानंतर अर्धा तास आपण दोघीदोघींनी समोरासमोर बसावे. एकीने वाचावे, दुसरीने विचारावे. ज्या भगिनींना अक्षर येत नाही, त्यांनी ऐकावे आणि विचारावे. शंका काढायला सही यावी लागत नाही. कोणाला ज्ञानेश्वरी नको असेल तर तिने गाथा घ्यावी, आपल्या धर्माचा दुसरा ग्रंथ घ्यावा, नाही तर वर्तमानपत्राचे एक पान घ्यावे. पण रोज घ्यावे आणि अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टोपलीतले मासे निवडायला आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागले नाही. तेवढे ज्ञान आपल्याकडे होतेच. आता ते तसे का, एवढेच विचारायचे राहिले आहे. येत्या मंगळवारी मी पोथी घेऊन येईन. माझ्यासमोर बसायला एक जण तरी यावी, एवढीच इच्छा.